तुसाची राख आणि चुना घालून रस्त्याखालची माती पक्की करायची कशी

आधीच सांगून टाकतो, नुसती राख टाकून माती घट्ट होत नाही. दोन-चार ट्रॉल्या राख आणायची, मातीवर पसरायची, वरून रोलर फिरवायचा आणि झाला रस्ता, असं बरेच जण धरून चालतात, आणि मग पहिल्याच जोरदार पावसात तोच रस्ता असा लदलदीत होतो की ट्रॅक्टर काढायला दुसरा ट्रॅक्टर लागतो. मग लोक म्हणतात राखेत काही दम नाही. दम आहे हो, पण राखेत असते ती सिलिका आणि सिलिका स्वतःहून कशाला चिकटत नाही, तिला जोडीला चुना लागतो (किंवा सिमेंट, कारण सिमेंट भिजलं की त्यातूनही चुना सुटतो). चुना, बारीक सिलिका आणि पाणी एकत्र आले की हळूहळू कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट नावाचा चिकट पदार्थ तयार होतो, सिमेंट घट्ट होतं तेही मुख्यतः याच्याच जोरावर. तर राख हा अर्धा माल आहे, उरलेला अर्धा चुना, आणि या दोघांची मोट बांधायची कशी तेवढंच या लेखात आहे.

अजून एक, हे सगळं चाललंय ते रस्त्याच्या पोटातल्या थराबद्दल, सबग्रेड आणि सबबेस. वरचा चालायचा थर म्हणून हा माल उघडा ठेवू नका, चाकांच्या घासण्याने त्याची भुकटी उडते आणि दोन सीझनमध्ये खड्डे पडतात. वर खडीचा किंवा मुरमाचा थर पाहिजेच, डांबर-काँक्रीट पुढचं पुढे.

माती ओळखा, मग राखेकडे बघा

सगळ्यात जास्त फायदा होतो तो चिकण मातीत, खास करून काळ्या फुगणाऱ्या मातीत. ती ओली झाली की फुगते, वाळली की फुटते, हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात आणि वरचा रस्ता तिच्याबरोबर वर-खाली होतो. फुगते किती हे बघायला फार मोठी लॅब लागत नाही. माती वाळवा, कुटा, ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळा, त्यातली १० ग्रॅम एका १०० मिलीच्या काचेच्या मोजपात्रात आणि १० ग्रॅम दुसऱ्यात घाला. एकात पाणी १०० च्या खुणेपर्यंत, दुसऱ्यात रॉकेल. काचेच्या कांडीने ढवळून हवेचे बुडबुडे काढा आणि २४ तास हात लावू नका. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, म्हणजे ती तिची खरी जागा, आणि पाण्यात जेवढी जास्त वर आली तेवढं फुगणं. समजा रॉकेलमध्ये मातीचा थर १२ मिलीवर थांबला आणि पाण्यात १९ वर गेला, तर फरक ७, भागिले १२, म्हणजे ५८ टक्के. ५० च्या वर गेलं की माती अतिशय फुगणारी समजायची, ३५ ते ५० जास्त, २० ते ३५ मध्यम आणि २० च्या आत असेल तर फार काळजी नाही.

दुसरी गोष्ट प्लॅस्टिसिटी इंडेक्स, म्हणजे माती किती चिकण आहे त्याचा आकडा. ही टेस्ट लॅबमधून करून घ्या, पण हाताने अंदाज घ्यायचा तर ओली माती मळून काचेवर तळहाताने वळायची, ३ मिलिमीटर जाडीची दोरी होईपर्यंत. दोरी पुन्हा पुन्हा सहज होत असेल आणि तुटत नसेल तर चिकणपणा भरपूर आहे, चुना काम करेल. दोरी होतच नाही, रेताड आहे, म्हणजे इंडेक्स १० च्या खाली असायची शक्यता, तिथे चुन्याला धरायला क्लेच (चिकण मातीचे अगदी बारीक कण) नाही, मग राखेबरोबर सिमेंट वापरायचं.

कुठे हा उद्योग करू नये तेही बघून घ्या. मातीला कुजका वास येतोय, मुळं-पालापाचोळा भरपूर आहे, तर सेंद्रिय पदार्थ चुना खाऊन टाकतात आणि रिअ‍ॅक्शन अडते, असा वरचा थर सरळ काढून बाजूला करा. आणि मातीत सल्फेट जास्त असेल, जिप्समचे चमकणारे खडे किंवा वाळल्यावर वर पांढरा थर दिसत असेल, तर थांबा आणि सल्फेटची टेस्ट करून घ्या. चुना, क्लेमधलं अ‍ॅल्युमिना, सल्फेट आणि पाणी यांच्यातून एट्रिंगाइट नावाचे स्फटिक वाढतात आणि रस्ता खालून उचलला जातो. अमेरिकेत लास व्हेगसच्या स्टुअर्ट अ‍ॅव्हेन्यूवर हे झालंय, चुना घालून पक्का केलेला थरच फुगला, त्या रस्त्यावरचा १९८८ चा पेपर आजही या विषयात दाखल्यासारखा वापरतात. साधारण ०.३ टक्क्यांच्या वर सल्फेट निघालं की नेहमीच्या पद्धतीने चुना टाकायचा नाही एवढं लक्षात ठेवा.

शेतातला कुठला माल कामाचा

भाताचं तूस पहिल्या नंबरवर, आणि त्याचं कारण भाताच्या रोपातच आहे. भात जमिनीतून विरघळलेली सिलिका मुळांनी ओढतो आणि तुसाच्या बाहेरच्या कातडीत साठवतो, म्हणून तूस हाताला खरखरीत लागतं, गुरंही खात नाहीत आणि लवकर कुजतही नाही. जाळल्यावर जी राख राहते तिच्यात साधारण ८५ ते ९५ टक्के सिलिका असते, इतकी दुसऱ्या कुठल्या पिकाच्या राखेत मिळणं कठीण. हिशोब असा की १ टन भाताला सुमारे २०० किलो तूस आणि त्या तुसाची सुमारे ४० किलो राख. हा ४० चा आकडा डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

उसाच्या चिपाडाची राख, म्हणजे बगॅस अ‍ॅश, ही कारखान्याच्या बॉयलरमधून तयारच निघते. सिलिका हिच्यातही बऱ्यापैकी असते पण दोन भानगडी आहेत, एक म्हणजे उसाबरोबर आलेली वाळू-माती हिच्यात मिसळलेली असते (ती सिलिका कागदावर दिसते पण वाळूची सिलिका चुन्याशी रिअ‍ॅक्ट होत नाही), आणि दुसरी म्हणजे अर्धवट जळलेले काळे तंतू खूप असतात. चाळून आणि दळून घेतली तर चालते, तशीच उचलून टाकली तर निम्मी फुकट.

गव्हाचा पेंढा, मक्याची बुरकुंडं, भुईमुगाची टरफलं, कपाशीच्या पऱ्हाट्या, यांच्या राखेवरही लोकांनी प्रयोग केलेत. माझं मत विचाराल तर ज्या राखेत पोटॅश जास्त आणि सिलिका कमी ती शेताला द्या, रस्त्याला कशाला? पऱ्हाट्याची राख तशीच. शिवाय पोटॅशचे क्षार पाण्यात विरघळणारे, पावसात वाहून जाणार. दुसरं काहीच मिळत नसेल तर टेस्ट करून बघा, पण तुसाच्या राखेसारखा रिझल्ट येईल ही आशा नको.

आणि कृपा करून न जाळलेलं तूस, पाचट, भुसा असा कच्चा माल थराच्या आत भरू नका. सुरुवातीला दाबल्यावर छान वाटतो, स्पंजसारखा, पण तो आत कुजतो, जागा रिकामी होते आणि रस्ता खचतो. कच्च्या मालातला एकच अपवाद म्हणजे काथ्या, त्याचं खाली सांगतो.

राख पारखणे

राखेचा रंग बघा. काळी कुळकुळीत म्हणजे कार्बन भरपूर, नीट जळलेली नाही. करडी ते फिकट करडी म्हणजे बहुतेक चांगली. एकदम पांढरी किंवा गुलाबीसर झाक असेल तर शंका घ्या, कारण फार तापलेली असू शकते. गंमत इथेच आहे, ५०० ते ७०० डिग्रीच्या आसपास जळालेल्या तुसात सिलिका अमॉर्फस राहते, म्हणजे तिची रचना विस्कळीत असते आणि चुना तिला सहज धरतो. तापमान ८०० च्या वर जाऊन बराच वेळ राहिलं की तिचे स्फटिक व्हायला लागतात, आणि स्फटिक झालेली सिलिका म्हणजे बारीक वाळूच म्हणा ना, चुन्याला दाद देत नाही. वरून ती श्वासात जाणं जास्त धोक्याचं, त्यावर पुढे येतोच.

मोकळ्यावर ढीग पेटवून राख करायच्या भानगडीत पडू नका. धूर होतो तो वेगळाच, पण ढिगाच्या पोटात वेगळं तापमान, वर वेगळं, कडेला अर्धवट कच्चं, एकाच ढिगात तीन प्रकारची राख मिळते. बॉयलर किंवा भट्टीत ठरलेल्या पद्धतीने जळालेली राख घ्या आणि एकाच ठिकाणची घ्या.

मग लॉस ऑन इग्निशन, साध्या भाषेत न जळलेला भाग किती. वाळलेली राख वजन करून लॅबच्या भट्टीत ७५० डिग्रीला वजन स्थिर होईपर्यंत ठेवतात, जेवढं वजन घटलं तेवढा जळायचा राहिलेला माल. एएसटीएम सी ६१८ या अमेरिकन स्टँडर्डमध्ये नैसर्गिक पोझोलानासाठी (चुन्याबरोबर घट्ट होणारा सिलिकावाला बारीक माल) ही मर्यादा १० टक्के आहे आणि सिलिका, अ‍ॅल्युमिना, लोखंडाचा ऑक्साइड मिळून कमीत कमी ७० टक्के. तो स्टँडर्ड मुळात काँक्रीटसाठी आहे, मातीला एवढं कडक बंधन नाही, पण चाळणी म्हणून चांगला. राख दळलेली असेल तर फारच उत्तम, तुसाची राख भट्टीतून निघते तेव्हा तिचे कण तुसाच्याच आकाराचे, पोकळ, जाळीदार असतात, दळल्यावर चुन्याला लागणारा पृष्ठभाग कितीतरी वाढतो. बॉल मिल नसेल तर निदान रोलरखाली चिरडून बारीक चाळणीतून काढा, अगदीच तशीच टाकण्यापेक्षा बरं.

लॅबला पाठवायच्या आधी मी स्वतः एक देशी टेस्ट करतो. १ भाग विरवलेला चुना, २ भाग चाळलेली राख, पाणी घालून घट्ट लगदा, त्याच्या काड्यापेटीएवढ्या चार-पाच वड्या पाडायच्या आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून वर प्लास्टिक लावून १४ दिवस ठेवायच्या. पंधराव्या दिवशी वडी पाण्याच्या बादलीत टाका. दुसऱ्या दिवशीही अखंड आणि नखाने ओरखडा निघत नाही, तर राख जिवंत आहे. बादलीत विरघळून तळाला चिखल बसला तर ती राख परत पाठवा, भाव कितीही पाडून मिळत असला तरी.

चुन्याकडेही बघा हो. सगळे राखेच्या मागे आणि चुना मात्र गोदामात वर्षभर पडलेला. हवा लागलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडीच होतो, तो मातीत टाकला काय आणि पांढरी माती टाकली काय सारखंच. चिमूटभर चुन्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचे दोन थेंब टाका, जोरात फसफसला तर मेलेला चुना, जवळजवळ शांत राहिला तर ताजा.

प्रमाण ठरवायचं कसं

कोणी म्हणेल ८ टक्के राख, कोणी म्हणेल १०, दुसऱ्याच्या मातीचं प्रमाण तुमच्या मातीला लावू नका. आधी चुन्याचं ठरवा. १९६६ मध्ये ईड्स आणि ग्रिम यांनी सोपी पद्धत दिली ती अजून वापरात आहे. ४२५ मायक्रॉनमधून चाळलेली माती २५-२५ ग्रॅम पाच बाटल्यांत घ्या, त्यात मातीच्या वजनाच्या २, ३, ४, ५, ६ टक्के चुना, प्रत्येकीत १०० मिली डिस्टिल्ड वॉटर, दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट हलवायचं आणि तासाभराने पीएच मोजायचा. ज्या सगळ्यात कमी चुन्याला पीएच १२.४ येतो तो तुमचा सुरुवातीचा आकडा. असं का, तर एवढ्या अल्कलाइन पाण्यातच क्लेमधली आणि राखेतली सिलिका सुटी होते, पीएच कमी असेल तर राख नुसती बसून राहते. चुना आल्याबरोबर दुसरंही एक काम होतं, क्लेच्या कणांवरचे सोडियमसारखे आयन हटवून कॅल्शियम बसतो आणि चिकट लोळा असलेली माती भुसभुशीत होते, हे काही तासांतच दिसतं. ताकद मात्र आठवड्यांनी, महिन्यांनी येते.

चुना समजा ४ टक्के ठरला, तर त्याच चुन्यावर राख ०, ४, ८, १२ टक्के अशी चार मिश्रणं करा. प्रत्येकाची प्रॉक्टर टेस्ट (किती ओलाव्याला माल सगळ्यात जास्त दाबला जातो ते बघायची) वेगळी, हे टाळू नका. राल्फ प्रॉक्टरने १९३३ मध्ये दाखवलं की एका ठराविक ओलाव्यालाच माती जास्तीत जास्त दाबली जाते, आणि राख टाकली की तो ओलावा वाढतो कारण राख पाणी पिते, आणि कमाल घनता कमी होते कारण राख हलकी आहे. घनता कमी झाली हे बघून बऱ्याच नवीन इंजिनिअर लोकांचं धाबं दणाणतं, की आपण माती बिघडवली की काय. नाही बिघडवली. घनता घटूनही ताकद वाढते कारण आता कण एकमेकांना चिकटलेत, नुसते जवळ बसलेले नाहीत.

ताकद बघायची ती सीबीआरवर (कॅलिफोर्निया बेअरिंग रेशो, टक्क्यांत मोजतात), आणि भिजवून. ही टेस्ट कॅलिफोर्नियाच्या हायवे खात्यातून आलेली, म्हणून नावातच कॅलिफोर्निया आहे. साच्यात दाबलेला नमुना ९६ तास पाण्यात, मग ५० मिलिमीटर व्यासाची दांडी मिनिटाला १.२५ मिलिमीटर वेगाने आत दाबायची आणि २.५ मिलिमीटर आत जाताना किती जोर लागला ते स्टँडर्ड खडीच्या १३७० किलोशी ताडून बघायचं. उदाहरणार्थ ३३ किलोत दांडी आत गेली तर सीबीआर २.४, काळ्या मातीचं भिजल्यावर असं २ ते ४ च्या घरातच असतं. मिश्रणाचे नमुने मात्र केल्या केल्या पाण्यात टाकू नका, आधी प्लास्टिकमध्ये गुंडाळून ७ दिवस मुरू द्या, जमलं तर दुसरा सेट २८ दिवस, कारण राखेचं खरं काम उशिरा दिसतं.

चार आकडे ग्राफवर मांडले की बहुतेक वेळा दिसतं की राख वाढवत गेलं तसा सीबीआर वाढतो आणि एका टप्प्यानंतर उतरतो. चुना संपला की पुढची राख नुसतीच जागा अडवते, हलकी आणि मोकळी. तो माथा बघा आणि त्याच्या किंचित अलीकडे थांबा, माथ्यावर नको, कारण साइटवर मिसळणं लॅबइतकं एकसारखं कधीच होत नाही.

साइटवर: आधी कागद-पेन्सिल

समजा रस्ता १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद, दाबलेला थर १५० मिलिमीटर. घनफळ ४५ घनमीटर. मिश्रणाची कमाल कोरडी घनता १.६ टन घनमीटरला धरली तर ७२ टन कोरडा माल. सोपं जावं म्हणून सगळे टक्के या ७२ वरच काढतो, चार टक्के चुना म्हणजे २.८८ टन, आठ टक्के राख म्हणजे ५.७६ टन. आता तो ४० किलोचा आकडा आठवा, ५.७६ टन राखेला १४४ टन भाताचं तूस लागलं! म्हणून हा उद्योग राईस मिल किंवा तुसावर चालणारा बॉयलर जवळ असेल तिथेच परवडतो, राख हलकी असल्यामुळे ट्रक भरतो पण वजन भरत नाही आणि भाडं मात्र पूर्ण द्यावं लागतं.

चौरस मीटरचा हिशोब साइटवर जास्त कामाचा. एका चौरस मीटरला २४० किलो कोरडा माल, म्हणजे ९.६ किलो चुना, १९.२ किलो राख. चुन्याची २५ किलोची गोणी २.६ चौरस मीटरला पुरते, ३ मीटर रुंदीच्या रस्त्यावर दर ८७ सेंटीमीटरला एक गोणी. चुन्याच्या भुकटीने रस्त्यावर आडव्या रेघा मारून घ्या आणि प्रत्येक रेघेवर एक गोणी ठेवा, सगळ्या लागल्याशिवाय एकही फोडू नका. मजुरांना टक्केवारी सांगून काही होत नाही, रेघ दिसली की काम बरोबर होतं.

इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. राख उघड्यावर ठेवली होती, रात्री सर येऊन गेली, सकाळी वर वर वाळलेली दिसली म्हणून तशीच वजन करून टाकली. दुपारी शंका आली म्हणून थोडी तव्यावर भाजून बघितली तर कोरड्या वजनावर ४० टक्के ओलावा! म्हणजे १९.२ किलो म्हणून जे टाकलं त्यात खरी राख १३.७ किलो, आठ टक्क्यांच्या जागी पावणेसहा. तेवढा पट्टा पुन्हा उकरून उरलेली राख घालावी लागली. तेव्हापासून राख ताडपत्रीखाली आणि रोज सकाळी तव्यावर १०० ग्रॅम भाजून ओलावा काढल्याशिवाय वजनकाट्याला हात लावत नाही.

आता प्रत्यक्ष काम. वरची झाडं-मुळांसकट माती काढून टाकायची, खालची जमीन आधी दाबून घ्यायची, नाहीतर मऊ गादीवर फळी ठेवल्यासारखं होतं. ज्या मातीवर काम करायचं ती रोटाव्हेटरने उकरून ढेकळं फोडायची. काळी माती ओली असताना फुटत नाही आणि कडक वाळली की दगड होते, तिचा मधला वाफसा पकडावा लागतो, शेतकऱ्याला हे सांगायची गरज नाही. माझी पद्धत अशी की चुना दोन हप्त्यांत द्यायचा. निम्मा पहिल्या दिवशी, मिसळून, पाणी मारून, हलका रोलर फिरवून १ ते २ दिवस तसंच ठेवायचं. या वेळात ढेकळं आपोआप ठिसूळ होतात, दुसऱ्यांदा रोटाव्हेटर घातला की माती रव्यासारखी मोकळी होते. मग उरलेला चुना आणि सगळी राख पसरायची, कोरडीच दोन-तीन फेऱ्या मिसळायची आणि मग पाणी. सिमेंट वापरत असाल तर हे मुरवणं-बिरवणं चालणार नाही बरं का, पाणी लागल्यापासून दोन तासांच्या आत दाबून मोकळं व्हायचं.

पाणी प्रॉक्टरच्या ओलाव्यापेक्षा एक-दोन टक्के जास्तच ठेवा, उन्हात उडतं आणि चुनाही पितो. हाताची परीक्षा अशी, मूठभर माल दाबला की गोळा झाला पाहिजे, अंगठ्याने दाबल्यावर दोन-चार तुकडे व्हायला हवेत, आणि तळहात ओला दिसता कामा नये. तळहात चमकला की पाणी जास्त.

माल नीट मिसळला की नाही बघायला फिनॉल्फ्थॅलीनची (चुना लागला की रंग बदलणारं द्रावण) बाटली खिशात ठेवा. फावड्याने थराच्या तळापर्यंत उभा काप घ्यायचा आणि त्या भिंतीवर फवारायचं. जिथे चुना पोचला तिथे गुलाबी होतं, जिथे नाही तिथे मातीचा रंग तसाच. वर पाच सेंटीमीटर गडद गुलाबी आणि खाली काहीच नाही, असं चित्र दिसलं की रोटाव्हेटरवाल्याला बोलवा आणि दाखवा, वाद घालावा लागत नाही.

दाबताना चिकण मातीला आधी शीपफूट रोलर (ड्रमवर खुंट्या असलेला), खालून वर दाबत येतो, मग शेवटी साधा गुळगुळीत. कडेकडून मध्याकडे यायचं आणि मध्य थोडा उंच ठेवायचा म्हणजे पाणी बसत नाही. शेवटच्या फेरीत कुठे खोलगट दिसलं तर त्यात दोन घमेली माल टाकून वरून दाबायचा मोह होतो, तो आवरा, तो पातळ पापुद्रा पुढे सुटून येतो. उलट थोडं उंच दाबून मग खरवडून लेव्हल करा. दाबलेली घनता सँड रिप्लेसमेंटने (खड्डा करून त्यात किती वाळू मावते त्यावरून घनफळ काढायचं) तपासा, तुमच्या मिश्रणाच्या प्रॉक्टर घनतेशी ताडून, मूळ मातीच्या नव्हे. राख घातल्यावर मूळ मातीचा आकडा गाठणं शक्यच नसतं आणि उगाच रोलरवाल्यावर आरडाओरडा होतो.

त्यानंतर ७ दिवस थर वाळू द्यायचा नाही. दिवसातून दोन-तीनदा हलका फवारा, किंवा वर ओलं पाचट पसरा, इथे मात्र शेतातला कच्चा माल कामाला येतो, नंतर तो काढून टाकायचा. या आठवड्यात जड गाडी सोडू नका. थंडीत, पारा १० डिग्रीच्या खाली जात असेल तर रिअ‍ॅक्शन फारच मंदावते, तेव्हा हे काम काढूच नका. पावसाच्या तोंडावरही नको.

तोंडाला फडकं पुरत नाही

चुना डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, घामेजलेल्या कातडीवर बसला तर भाजतो. गॉगल, हातमोजे, पूर्ण बाह्या, आणि साइटवर स्वच्छ पाण्याचा वेगळा कॅन, टँकरचं पाणी नव्हे. कळीचा चुना तर पाणी लागल्यावर उकळतो, अनुभव नसेल तर तयार विरवलेलाच घ्या. आणि राखेची धूळ, स्फटिक झालेली सिलिका श्वासात जाऊन सिलिकोसिस होतो, जागतिक आरोग्य संघटनेच्या आयएआरसी या कॅन्सर-संशोधन संस्थेने १९९७ मध्येच तिला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. म्हणून चांगला बसणारा मास्क, वारा सुटला असेल तर पसरायचं काम बंद, आणि राख थोडी ओलसर करून पसरा (ओलावा वजनात धरून, माझ्यासारखं करू नका).

काथ्याचं राहिलं

नारळाच्या काथ्यात लिग्निन भरपूर, म्हणून तो ताग वगैरेंपेक्षा बराच सावकाश कुजतो. १५ ते २५ मिलिमीटरचे तुकडे, मातीच्या वजनाच्या अर्धा टक्का, म्हणजे आपल्या हिशोबात चौरस मीटरला १.२ किलो, ऐकायला कमी वाटतं पण पसरल्यावर ढीग दिसतो. काथ्या चिकटवत नाही, तो धरून ठेवतो, भेग पडायला लागली की आडवा येतो. त्रास एकच, गोळे होतात, म्हणून हाताने मोकळा करून थोडा थोडा विखरावा लागतो. चुन्याच्या थरात तो फार वर्षं टिकेल ही अपेक्षा ठेवू नका, एवढ्या अल्कलाइन मातीत नैसर्गिक धागे लवकर खराब होतात. मला विचाराल तर काथ्याची जाळी रस्त्याच्या कडेच्या उतारावर टाका, गवत रुजेपर्यंत माती धरते, तिथे तिचं काम चोख होतं.

आणि पाण्याची वाट. दोन्ही बाजूंना चर नसेल, चरातलं पाणी पुढे कुठे जातंय ते ठरलेलं नसेल, तर राखेवर एक पैसाही घालू नका, आधी तो पैसा चरावर घाला.

पहिल्यांदा करत असाल तर सगळा रस्ता एकदम हाती घेऊ नका. ३० मीटरच्या तीन पट्ट्या करा, एक नुसती दाबलेली माती, एक चुन्याची, एक चुना-राखेची, तिन्हींवर सारखीच खडी आणि तिन्हींच्या कडेला खुंट्या ठोकून ठेवा. पावसाळ्याआधी आणि पावसाळा संपता संपता, जमीन अजून ओली असताना, त्याच खुंट्यांजवळ खडी बाजूला सारून डीसीपी (डायनॅमिक कोन पेनिट्रोमीटर) मारा, म्हणजे ८ किलोचा हातोडा ५७५ मिलिमीटरवरून सोडत टोकदार दांडी आत ठोकायची आणि दर ठोक्याला किती मिलिमीटर गेली ते वहीत लिहायचं. साध्या मातीत पावसानंतर दांडी एका ठोक्यात केवढी आत जाते आणि तिसऱ्या पट्टीत केवढी, हे शेजारी शेजारी लिहिलेले दोन आकडे पुढच्या रस्त्याच्या मंजुरीच्या वेळी फाईलला लावा.